आप्पांची वही

माझे आणि माझ्या वडिलांचे एका तेलाच्या डागावरून दोन वर्षे बिनसले होते, असे सांगितले तर आपल्याला खरे वाटायचे नाही. बाप-लेकांची भांडणे जमिनीवरून होतात, सुनेवरून होतात, फार तर निवडणुकीवरून होतात. आमचेही तसे जमिनीवरूनच झाले म्हणा. पण ती जमीन म्हणजे सांगलीच्या घरामागच्या छपरीतली चार फूट फरशी. त्या फरशीवर आप्पांची मोटार उभी असते, आणि मोटारीच्या पोटाखाली तो काळा डाग असतो.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. आप्पा सांगलीच्या हळद-पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी होते. १९९३ साली शेठजींनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी पगारातून हप्ते कापून आप्पांना दिली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. आईने गाडीला ओवाळले, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि आप्पांनी आम्हा सगळ्यांना घालून गणपतीच्या देवळापर्यंत एक फेरी मारली. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाक. त्या बाकावर आप्पा आणि आई यांच्यामध्ये आम्ही दोघे भाऊ मावायचो. त्या जागेवरून आमची जितकी मारामारी झाली, तितकी पुढे वाटणीवरूनही झाली नाही.

हे घराणे मूळ इटलीचे. फियाटची ‘अकराशे’ कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये ‘डिलाइट’ म्हणून निघू लागली, १९७२ मध्ये तिची ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन ती ‘पद्मिनी’ झाली. तो कारखाना काढणारी कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केली होती. आणि सांगलीत १९४७ साली निघालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजाला १९५५ पासून त्यांचेच नाव आहे. एवढ्या धाग्यावर आप्पा या गाडीला ‘आपल्या गावची’ म्हणत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, ती बातमी त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. गावातले कोणी गेले म्हणजे चिकटवावी तशी.

दिवाणजीचा हात तो! गाडी आली त्याच दिवशी आप्पांनी लाल कापडी बांधणीची एक वही घातली. तारीख, कोठून कोठे, किती किलोमीटर, किती पेट्रोल, काय दुरुस्ती. गळती सुरू झाली तसा त्यांनी एक रकाना वाढवला: ‘थेंब’. रोज रात्री ते इंजिनाखाली वर्तमानपत्राचे पान पसरत, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवत, आणि सकाळी ते पान उजेडात धरून डागाचे माप घेत. हे पान बहुधा रविवारच्या पुरवणीचे असे. याच पुरवणीत माझी कादंबरी क्रमशः येत होती. तिच्या पाचव्या प्रकरणात नायिका घर सोडून जाते, तिथे बरोबर तिच्या निरोपावर बशीएवढा डाग पडलेला मी स्वतः पाहिला आहे. लेखकाला टीकाकार पुष्कळ भेटतात. पण तेल सांडणारा मला हा एकच भेटला.

आता भांडणाविषयी. मी साताऱ्याला शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण कादंबऱ्या लिहायला आणि मुलांना रंग कालवून दाखवायला तेवढे पुरते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही साताऱ्यात तीन खोल्यांचे घर घेतले. आई २०१७ साली गेलेली. वास्तुशांतीला घरचे मोठे माणूस म्हणजे एक आप्पाच. मी फोन केला. ते म्हणाले, “गाडी गळते आहे रे. लांबचा पल्ला नको.”

“मग एष्टीने या. मी स्टँडवर घ्यायला येतो.”

“नको.”

“भाड्याची गाडी पाठवतो.”

“नको, नको. ड्रायव्हर परका माणूस.”

सांगली ते सातारा सुमारे सव्वाशे किलोमीटर. त्यासाठी एवढे आढेवेढे! माझा तोल गेला. “आप्पा, तुम्हाला माझ्या घरापेक्षा ती गाडी मोठी आहे,” असे मी बोलून गेलो. पलीकडून उत्तर आले नाही. वास्तुशांत झाली. पाटावर बसलो तेव्हा उजव्या हाताची एक खुर्ची मोकळी होती, ती कोणी हलवली नाही.

पुढे माझ्या मनाने घेतले, की गळतीच काढून टाकावी म्हणजे सबबच उरणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत मीच ती गाडी साताऱ्याला आणली. वाटेत उंब्रजला थांबून ऑइलची पट्टी काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! तेल तेवढे उतरले की इंजिनाची बेअरिंगे कोरडी पडतात आणि मग दुरुस्तीला काही उरत नाही. शिवाय गळणारे तेल तापल्या सायलेन्सरच्या नळीवर पडून धूर निघत होता तो वेगळाच. डबाभर तेल ओतून कसाबसा पोहोचलो.

साताऱ्यातल्या एका गॅरेजात गाडी तीनदा गेली. पहिल्या खेपेला त्यांनी वरच्या टॅपेट-कव्हरचे पॅकिंग बदलले. आठ दिवस बरे गेले, पुन्हा डाग. दुसऱ्या खेपेला खालच्या चेंबरचे पॅकिंग बदलले. तेल झिरपतच राहिले. तिसऱ्या खेपेला पुढचे सील घातले. मग मालक कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “सर, गळती मागल्या बाजूची आहे. इंजिन उतरवावे लागेल. बावीस हजार. माझे ऐका, भंगारात घाला.”

त्यांचा मी राग धरत नाही. गळतीचा स्वभावच असा, की ती जिथे दिसते तिथे नसते. तेल वरून झिरपते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि ते सर्वांत खालच्या बोल्टाच्या टोकाशी जमून टपकते. आपण बोल्टाकडे बघतो. आमच्या जुन्या कौलारू घरात पाऊस देवघरावर टपकायचा आणि फुटके कौल सापडायचे माजघरावर. हे ठाऊक असूनही मला ते इंजिनाच्या बाबतीत सुचले नाही.

गाडी परत सांगलीला गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तो मनाशी ठरवूनच. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. हिची मुदत त्या डिसेंबरात संपत होती. ‘आप्पा, आता विकू या,’ एवढे एकच वाक्य मी एष्टीत बसून सबंध वाटभर घोकत होतो.

आप्पांनी ते वाक्य ऐकून घेतले. उठले, कपाटातून लाल वही काढली, टोपी घातली आणि म्हणाले, “चल. एकदा मिस्त्रींना दाखवू. ते ‘विका’ म्हणाले तर विकू.”

हे मिस्त्री माधवनगर रस्त्याला एका चिंचेखाली काम करतात. वय आप्पांच्याच बरोबरीचे. पोरवयात त्यांनी हत्यार हाती धरले ते नदीकाठच्या पंपांच्या डिझेल इंजिनांवर. आमच्या या कृष्णेच्या खोऱ्याला इंजिनाचे वेड जुनेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिकडे साताऱ्याच्या बाजूला कूपरांचा कारखाना उभा राहिला, आणि त्या धनजीशहा कूपरांनी तर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे प्रधानपदही भूषवले. नांगरापासून पंपापर्यंत लोखंडाचे सगळे या पट्ट्याने पाहिले आहे. त्यामुळे इकडे प्रत्येक गावात इंजिनाची नाडी पाहणारा एखादा वैद्य असतोच. हल्ली ते चिंचेखालीच सापडतात, एवढेच.

“काय दिवाणजी, आणली का म्हातारीला?” मिस्त्री म्हणाले. गॅरेजात काय काय झाले ते मी त्यांना सांगू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. “सर, आधी धुऊया. तेलाच्या राड्यात तेल दिसत न्हाई.”

इंजिन थंड होऊ दिले. डिस्ट्रिब्यूटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली, डिझेल आणि ब्रश घेऊन वरपासून खालपर्यंत सगळे घासले, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसले आणि तासभर उन्हात वाळवले. मी एवढ्या वर्षांत त्या इंजिनाचा मूळ रंग पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी एका पोराला वाण्याकडे पिटाळून शंखजिरे आणवले. ही मऊ पांढरी भुकटी त्यांनी इंजिनाच्या सर्व सांध्यांवर फुंकून बसवली. जिथे तेल फुटेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उठणार. चित्रकलेचा मास्तर मी. हे माझ्या डोक्यात यायला हवे होते!

“आता मिरजेपतूर जाऊन या,” मिस्त्री म्हणाले. “धक्क्यात न्हाई, रमत.”

मी चालवायला बसलो, आप्पा शेजारी. विश्रामबाग मागे पडले न पडले तोच आप्पा म्हणाले, “त्या पेट्रोल पंपावर जरा घे.” मी घेतली. ते उतरून पंपाच्या मागच्या अंगाला गेले. मला वाटले, चाकाची हवा पाहणाऱ्या माणसाला शोधायला गेले असतील. येताना आणखी एकदा थांबलो. मी दोन्ही वेळा बॉनेट उघडून रेघा पाहिल्या आणि मनात म्हटले, म्हाताऱ्याला गाडीची काळजी भारी.

परत आलो तेव्हा पांढऱ्यावर तीन काळ्या रेघा होत्या. एक टॅपेट-कव्हरखाली, एक इंजिनाच्या कुशीतल्या पेट्रोल-पंपाच्या सांध्याशी आणि एक चेंबरच्या कोपऱ्यात. माझे तोंड उतरले. एक होती त्या जागी तीन!

मिस्त्री मात्र खूश दिसले. “तीन ठिकाणी एकदम गळतंय न्हवं? मग पॅकिंगचा दोष न्हाई. दिवाणजी, कधीपास्नं हे?”

आप्पांनी वही उघडली. मार्च २०२० पर्यंत ‘थेंब’ हा रकानाच नव्हता. मग टाळेबंदी. गाडी छपरीत उभी राहिली ती २०२१ च्या दिवाळीपर्यंत. त्यानंतर रकाना सुरू. आणि त्यातही एक गंमत होती, ती मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवली. गाडी आठ-आठ दिवस जागची हलली नाही, तेव्हा थेंब शून्य. हरिपूरला जाऊन आली की दोन. कोल्हापूरला जाऊन आली की तळहाताएवढा डाग. “उभ्यानं गळत न्हाई, पळाल्यावर गळतंय. हिचा आत दम कोंडलाय.”

त्यांनी इंजिन चालू ठेवूनच तेल ओतायच्या तोंडाचे झाकण फिरवून काढले, तर आतून चिलमीसारखा धूर फुसफुसत बाहेर! ऑइलची पट्टीही आपोआप बोटभर वर सरकलेली होती. मिस्त्रींनी मला समजावले ते असे. पिस्टनच्या कड्यांमधून थोडा जळका वायू खाली चेंबरात उतरतोच, नव्या इंजिनातही उतरतो, जुन्यात जास्त. तो बाहेर पडावा म्हणून इंजिनाला एक नळी दिलेली असते; तिचे दुसरे टोक एअर-क्लीनरला जोडलेले असते. ही झाली इंजिनाची नाकपुडी. ती बंद झाली की आत दाब साठतो आणि वाट मिळेल तिथून, चांगल्या पॅकिंगमधूनही, तेल ढकलून बाहेर काढतो.

ती रबरी नळी एअर-क्लीनरला जोडलेली नव्हतीच. खाली लोंबत होती. वहीत २०१९ च्या पानावर नोंद सापडली: ‘एअर-क्लीनर बदलला.’ बदलणाऱ्याने नळी पुन्हा लावायची राहिली असणार. मिस्त्रींनी ती सोडवून उजेडाकडे धरली. आरपार अंधार. सायकलची तार आत घातली, तर खाली पडली ती वाळकी माती. कुंभारमाशीची घरे! दीड-पावणेदोन वर्षे शांत उभी गाडी, छपरीची सावली आणि बोटभर रुंदीचे भोक. माशीला याहून बरी जागा कुठली? एकामागे एक मातीचे कोश भरले होते, आणि फोडले तर प्रत्येकात तिने पिलांसाठी साठवलेले, वाळून कोळसा झालेले कोळी. उरलेली पोकळी तेलाच्या काळ्या गाळाने बुजवून टाकलेली. माझे बावीस हजार वाचवणारे ते ढेकूळ मी कागदात बांधून घेतले आहे. शाळेत मुलांना दाखवतो.

आनंदाच्या भरात मी म्हणालो, “मिस्त्री, आता एक शेवटचे. गाडी तापतेही फार. हे बघा.” वहीत ‘थेंब’च्याही आधीपासून एक रकाना होता, ‘थांबे’. सांगली-सातारा, २०१६: थांबे २. २०१८: थांबे ४. २०२० चा जानेवारी: थांबे ६. २०२२ मध्ये एकदाच आले होते, तेव्हा ८. “पाणी उकळत असणार, नाही तर सव्वाशे किलोमीटरला आठदा कोण थांबेल?”

मिस्त्रींनी वही पाहिली. मग हात पुसायला घेतले आणि बराच वेळ पुसत राहिले. आप्पा उठून चिंचेच्या पलीकडे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले होते.

“सर,” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, “हे इंजिनाचं न्हाई.”

मला अजूनही कळेना.

“माझंबी तसंच हाय. एष्टीनं जायचं म्हटलं तर मी आदल्या रातीपास्नं पाणी पीत न्हाई. कंडक्टरला किती येळा सांगायचं, थांबवा म्हणून? चारचौघांत?”

वास्तुशांतीच्या वेळचे सगळे नकार मला एका रांगेत आठवले. एष्टी नको. भाड्याची गाडी नको, ड्रायव्हर परका माणूस. आपली गाडी तेवढी आपण म्हणू त्या झाडाखाली थांबते, कोणाला कारण सांगावे लागत नाही. आणि तीच नेमकी गळत होती. मुलगा फोनवर विचारतो आहे, ‘का येत नाही?’ काय सांगायचे त्याला? दिवाणजींनी ते वहीत लिहून ठेवले होते, दुसरीकडे कुठे सांगितले नव्हते. आणि मी, मनुष्यस्वभावाचे चित्रण करतो म्हणून मिरवणारा कादंबरीकार, मी त्यांना काय बोललो होतो ते आपण वाचलेच आहे.

मी आप्पांना काही म्हणालो नाही. म्हणण्यासारखे काय होते? मिस्त्रींना पाने देऊ लागलो. त्यांनी नवी नळी टाकली, एअर-क्लीनरला घट्ट जोडली, कॉर्कचे नवे पॅकिंग शेलॅक लावून बसवले. नट आवळताना ते माझ्यावर ओरडले, कारण मी जोर लावत होतो. पत्र्याचे कव्हर फार आवळले की काठ वाकतो, कॉर्क चिरडून बाहेर येतो आणि पुन्हा गळते. समोरासमोरचे नट आळीपाळीने, बोटाने लागतील तेवढे, आणि वर पाव आटा, बस्स. चेंबरच्या कोपऱ्यात एखादा थेंब राहील म्हणाले. “एवढा ऱ्हाऊ द्या. जुनं माणूस हाय.”

धनत्रयोदशीला सकाळी आम्ही साताऱ्याला निघालो. आष्टा आले तशी मी गाडी कडेला घेतली. “आप्पा, जरा तेल बघतो,” म्हटले, आणि बॉनेट उघडून पट्टी पुसत उभा राहिलो. आप्पा उतरून पाय मोकळे करून आले. पेठ नाक्याला पुन्हा तेल पाहिले. कासेगावला पाहिले. कराडला हॉटेलात चहा घेतला आणि निघताना पुन्हा पाहिले. पट्टीवर तेल वरच्या खुणेला होते तिथेच होते, तसूभर हलले नव्हते. उंब्रजला मी पाचव्यांदा बॉनेट उघडले, तेव्हा आप्पा परत येऊन माझ्याजवळ उभे राहिले.

“तेल फारच बघतोस रे.”

“गाडी जुनी आहे,” मी म्हणालो.

“ते खरे,” म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले. अजिंक्यतारा दिसू लागेपर्यंत ते शेठजींच्या एका जुन्या दाव्याची गोष्ट सांगत होते. दोन वर्षांत एवढे बोलले नव्हते.

भाऊबिजेनंतर मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेटची गाठ वाढते. पुष्कळांचा त्रास गोळ्यांनी आटोक्यात येतो, काहींना शस्त्रक्रिया लागते. आप्पांना गोळ्या पुरल्या. डिसेंबरात गाडीची नोंदणीही झाली. पण हे सगळे पुढचे.

नरकचतुर्दशीला पहाटे सौभाग्यवतीने उटणे कालवले, तेल कोमट केले आणि सासऱ्यांना हाक मारली, तर ते घरात नाहीत. बाहेर पाहिले. डोक्यावर मफलर, हातात बॅटरी, आप्पा गाडीखालून वर्तमानपत्र ओढून काढत होते. शेजारच्या मुलांनी फटाके लावायला सुरुवात केलेली.

“आप्पा, आजचे तेल घरात आहे,” ती म्हणाली.

ते हसले. पान उजेडात धरले, एका कोपऱ्यावर तीळभर ठिपका होता, तो मला दाखवला. मग पायरीवर बसून वही मांडीवर घेतली आणि स्वच्छ बोरूच्या वळणाच्या अक्षरात लिहिले. स्नानाला गेले तेव्हा वही तिथेच उघडी राहिली होती, म्हणून मला वाचता आले:

‘सांगली-सातारा. थेंब १. थांबे ५, सर्व तेल पाहण्यासाठी.’